रुमणें धरणारा मास्तर

(एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागांत नव्या सत्राच्या पहिल्या दिवशीं छात्राध्यापकांपुढें केलेलें हें भाषण आहे. त्यांतील बराचसा मजकूर आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांच्याहि कामाचा असल्यामुळें तें येथें देत आहों.)



येथें बोलण्याचें आमंत्रण आलें तेव्हां आमच्या घरांत पहिला प्रश्न निघाला तो हा कीं, विद्यापीठांत जाऊन तुम्ही सांगणार तरी काय ? प्रश्न खोटा नव्हता. आम्ही खेड्यांतल्या शाळेचे मास्तर. आमचें शिक्षण म्हणजे बारावीनंतर अध्यापक विद्यालयाचीं दोन वर्षें, आणि तींहि सगळीं मराठींतून. पूर्वी ज्याला व्हर्नाक्युलर ट्रेनिंग कॉलेज म्हणत, त्याच कुळींतलें तें विद्यालय. तुमची ती पदवी, आमची ती पदविका. तरी सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२३ रोजीं असा निकाल दिला कीं, पहिली ते पांचवीच्या मुलांना शिकवायचें तर आमची पदविकाच पाहिजे, तिच्या जागीं बी. एड. चालणार नाहीं, कारण लहान मुलांना शिकवण्याची विद्या निराळी आहे. त्या दिवशीं आमच्या शाळेंत एकानें चहा मागवला, हें कबूल करतों. पण ज्यांनीं कर्ज काढून बी. एड. केलें आणि प्राथमिक शाळेच्या आशेवर बसले होते, त्यांचीं घरेंहि आपल्यांतलींच. म्हणून तो चहा फारसा गोड लागला नाहीं.

मागच्या भिंतीशीं कांहीं आईबाप उभे दिसतात. मुलांना पोंचवायला आले असतील. त्यांनीं पुढें येऊन बसावें. आज जें बोलायचें आहे त्यांतलें निम्में त्यांच्याशींच आहे.

सत्र म्हणजे सहा महिन्यांची मुदत, इंग्रजींत जिला सेमिस्टर म्हणतात. अशीं चार सत्रें झालीं कीं बी. एड. पुरें होतें. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१४ सालच्या नियमांनीं तो दोन वर्षांचा झाला व २०१५ पासून तसा चालूं लागला. वर्ष वाढवण्याचें एक मोठें कारण असें कीं, छात्राध्यापकानें खऱ्या शाळेंत, खऱ्या मुलांत जाऊन निदान वीस आठवडे काढावे. याला आंतरवासिता म्हणतात. शब्द अवघड आहे, पण सुताराच्या पोराला तो समजावून सांगावा लागत नाहीं. वाकस कशी धरायची हें पोरगें बापाच्या शेजारीं बसून शिकतें, आणि दोन-चार लाकडें बिघडवल्याशिवाय शिकत नाहीं. मास्तरकीचें तसेंच आहे. फरक एवढाच कीं आमच्या हातून जें बिघडतें तें लाकूड नसतें.

हा मास्तर कोणाच्या घरांतून यावा, आणि त्यानें कोणांत मिसळावें, हा प्रश्न आजचा नव्हे. १८८२ सालीं हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करण्यास बसलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर रोजीं त्याच्यापुढें लेखी निवेदन दिलें. त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतून तयार करावे. कां, तर ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील, आणि त्यांना लोकांच्या गरजा कळतील. सोंवळ्याच्या समजुतीमुळें अंतर राखून वागणाऱ्या शिक्षकाला त्या कळणार नाहींत. वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराची वाकस हातीं धरण्याची ज्याला लाज वाटणार नाहीं, असा मास्तर त्यांना हवा होता. शिक्षकाच्या अभ्यासक्रमांत शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान असावें, पगार बारा रुपयांपेक्षां कमी नसावा, मोठ्या गांवांत पंधरा ते वीस असावा, आणि गांवच्या कारभारांत, म्हणजे हिशेब तपासण्यांत किंवा टपालाच्या कामांत, त्याला जागा द्यावी म्हणजे त्याचा मान वाढेल, इतक्या बारकाईनें जोतीरावांनीं हें लिहिलें. त्यांनीं स्वतः १८४८ पासून शाळा चालवलेल्या होत्या, म्हणून तें बोलणें हवेंतलें नव्हतें. अशा शाळांतून काय निघतें याचा दाखला पाहिजे असेल तर १८५५ सालचा 'ज्ञानोदय' पाहावा. मुक्ता साळवे या मांग समाजांतल्या कोवळ्या मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध त्यांत छापलेला आहे. ती फुल्यांच्याच शाळेंतली विद्यार्थिनी. मास्तराची परीक्षा घ्यायची ती अशी घ्यावी.

आणि हें मागणें कांहीं जगावेगळें नव्हतें. उत्तर युरोपांत फिनलंड म्हणून देश आहे. तेथें शिकलेल्यांची भाषा स्वीडिश व कुणब्यांची भाषा फिनिश, अशी वांटणी होती. १८६३ सालीं यूवास्क्यूला या गांवीं ऊनो सिग्नेउस यांनीं फिनिश भाषेंतून शिक्षक घडवणारें पहिलें विद्यालय काढलें, आणि त्यांत हातकामाला पुस्तकाच्या बरोबरीची जागा दिली. सराव करण्यासाठीं विद्यालयाला जोडूनच शाळा ठेवली. तें विद्यालय वाढत वाढत १९६६ सालीं विद्यापीठ झालें. म्हणजे तेथें आधीं मास्तरांची शाळा निघाली, आणि तिच्या पोटीं विद्यापीठ आलें. आमच्याकडे तसें झालें नाहीं, म्हणून शिक्षणशास्त्राच्या विभागाला सगळ्यांत मागची इमारत मिळते. (येथें कोणी वाईट वाटून घेऊं नये; इमारत बरी आहे, फक्त येथपर्यंत चालत यावें लागलें.)

आपल्या इकडेहि कोणीं कांहीं केलेंच नाहीं असें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षणाचें फर्मान काढलें. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ सालीं साताऱ्यास शिक्षक तयार करण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेज सुरू केलें. त्यानंतर तीन वर्षांनीं त्यांनीं ज्या गांवांत शाळाच नव्हती अशा गांवांत व्हॉलंटरी शाळा काढण्यास आरंभ केला. क्रम ध्यानांत घ्या. आधीं मास्तर, मग शाळा.

आतां आजचें बोलूं. या वर्गांत नजर टाकली तर कुणबी, माळी, धनगर, कुंभार, वंजारी, बौद्ध, मातंग, मुसलमान, सगळ्यांचीं मुलें-मुली दिसतात. जोतीरावांचें मागणें निम्में पुरें झालें. मास्तर आपल्या घरांतून येऊं लागला. पण दुसरें निम्में ? तो मिसळतो काय ? येथें दुसऱ्या कोणाला नांवें ठेवण्याआधीं आम्ही स्वतःचें सांगतों. आम्ही राहतों तालुक्याच्या गांवीं. सकाळीं मोटारसायकलीवर शाळेला जातों, संध्याकाळीं परत येतों. मुख्यालयीं राहतों असा ग्रामसभेचा ठराव आमच्या फायलींत आहे. तो कसा झाला तें गांवाला ठाऊक आहे आणि आम्हांलाहि. आमच्या मुलांना चांगली शाळा पाहिजे, असें कारण आम्ही देतों. म्हणजे ज्या शाळेंत आम्ही शिकवतों ती चांगली नाहीं, असें आम्हींच म्हटल्यासारखें झालें. सोंवळें पाळायला अंगावर जानवेंच लागतें असें नाहीं. तें पदवीनें पाळतां येतें, आणि मोटारसायकलीनें तर अगदींच सोपें जातें.

आंतरवासितेचें काय होतें तेंहि आमच्या डोळ्यांदेखतचें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाकडून आमच्या शाळेंत चोवीस नांवांची यादी आली. त्या काळांत शाळेचा कारभार आमच्याकडे होता. पहिल्या दिवशीं सहा जण आले. तिसऱ्या दिवशीं दोघी उरल्या. शेवटच्या आठवड्यांत मात्र चोवीसहि जणांचीं हजेरीपत्रकें सहीसाठीं आलीं, बरोबर पेढ्यांचा पुडा. आम्हीं सह्या केल्या. गरिबाचीं मुलें आहेत, कोणी दुकानांत राबतो, कोणी रात्रपाळी करतो, त्यांचें वर्ष कशाला बुडवा, असें मनाला सांगितलें. पुढें त्या चोवीसांतला एक जण एका शाळेंत लागला. आमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा त्याच्या वर्गांत आहे. माणूस वाईट नव्हे, व्यसन नाहीं, वेळेवर येतो. पण चाळीस मुलांकडे तोंड करून उभा राहिला कीं त्याला घाम फुटतो. म्हणून तासभर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहतो, आणि मुलें उतरून घेतात. भाचा म्हणतो, मामा, आमच्या सरांची पाठच आम्हांला जास्त माहीत आहे. बहिणीला आम्हीं अजून सांगितलेलें नाहीं कीं त्या सरांच्या कागदावर सही कोणाची आहे.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं कोऱ्या हजेरीवर सही करण्याचें नाकारलें. त्याचा राग आला आणि पुढच्या वर्षापासून त्यांचीं मुलें दुसऱ्या शाळेंत जाऊं लागलीं. तेथें कोणी सही करीतच असेल.

पण त्या पहिल्या खेपेच्या दोघींतली एक आमच्या आजहि लक्षांत आहे. कुंभाराची मुलगी. सहावीच्या वर्गांत मेंढ्या राखणाऱ्या घरचा एक मुलगा होता. १०४ मधून ३७ वजा करा म्हटलें कीं तो १३३ लिहायचा. चारांतून सात जात नाहींत म्हणून सातांतून चार काढायचा, शून्यांतून तीन जात नाहींत म्हणून तीन तसेच ठेवायचा, आणि एक खालीं उतरवायचा. आम्हीं त्याला दोन वर्षें 'ढ' ठरवून ठेवलेलें होतें. या मुलीनें त्याला विचारलें, घरीं मेंढ्या किती ? तो म्हणाला, पांच विसा न् चार. त्यांतल्या एक वीस न् सतरा बाजारांत गेल्या तर ? त्यानें आढ्याकडे पाहिलें आणि सांगितलें, तीन विसा न् सात. बरोबर सदुसष्ट ! कसें केलेंस म्हणून विचारलें तर म्हणतो, एक वीस मोडली. मग तिनें खडूनें त्याला दाखवलें कीं, तूं जशी वीस मोडलीस तसाच येथें शतकाचा दशक करून मोडायचा, आणि दशकाचे सुटे करायचे. पोरानें पाटी घेतली आणि त्या दिवशीं ओळीनें नऊ वजाबाक्या केल्या. आम्ही दारांत उभे होतों. वीस वर्षें शिकवणाऱ्या माणसाला ज्या गोष्टीची लाज वाटावी ती गोष्ट एका नवख्या मुलीनें पाऊण तासांत दाखवली.

तिला त्या पाठाचे गुण काय मिळाले ? दहांपैकीं चार. पाठ पाहायला आलेल्या गृहस्थांनीं वहींत शेरा लिहिला कीं, प्रस्तावनेचे प्रश्न टांचणाबरहुकूम विचारले नाहींत, आणि हेतुकथन राहिलें. टांचण म्हणजे पाठ घेण्याआधीं करायचा आराखडा. आधीं प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, मग संकलन, अशा त्याच्या पायऱ्या. टांचण निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शिंपी आधीं खडूनें रेघ मारतो तसें तें आहे. पण गिऱ्हाइकाच्या अंगाचें माप न घेतां मारलेली रेघ कापडाची नासाडी करते. प्राध्यापक मंडळी, आमची तुम्हांला हात जोडून विनंति आहे. या सत्रांत आमच्याकडे येऊन पाठ पाहाल तेव्हां वहीकडे कमी पाहा आणि मागच्या बांकावरच्या पोराच्या पाटीकडे जास्त पाहा. तास संपतांना त्या पाटीवर काय बदललें त्यावर गुण द्या.

आतां आईबापांशीं दोन शब्द. तुम्ही मुलाला येथें घातलें तें चांगलें केलें. पण कोणीं तुम्हांला असें सांगितलें असेल कीं दोन वर्षांनीं नोकरी ठेवलेलीच आहे, तर तें खरें नाहीं. पदवीनंतर पात्रता परीक्षा आहे, मग अभियोग्यता चांचणी, मग सरकारच्या पोर्टलवर भरतीची वाट पाहणें. लागला तरी पहिलीं तीन वर्षें तो शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहणार. प्राथमिक शाळेंतलें हें मानधन महिना सहा हजार होतें, तें २०२३ सालीं सोळा हजार झालें, माध्यमिकचें आठाचें अठरा झालें. जोतीरावांच्या बारा रुपयांची आठवण सरकारला एवढ्या उशिरां झाली म्हणायची. यासाठीं जमीन विकूं नका. आणि एखाद्या संस्थेंत चिकटवतों म्हणून कोणी देणगीच्या नांवाखालीं लाखांचा आंकडा सांगूं लागला, तर त्याच्या दारांतून परत फिरा. त्या पैशानें नोकरी मिळेलहि. पण विकत घेतलेल्या खुर्चीवरचा मास्तर पैसे वसूल होईपर्यंत कोणाचाच नसतो. शेत राखून, दुसरा धंदा हातीं ठेवून शिकवा. या विभागांतल्या कुंभाराच्या मुलाला चाक येत असेल तर तें त्यानें विसरूं नये. उद्यां त्याला भूमिति शिकवायची आहे.

आणि आतां ज्यासाठीं आम्ही मुद्दाम आलों तें काम.

आमचें गांव कोयत्यांचें. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली कीं दसरा-दिवाळीच्या सुमारास गांव रिकामें होऊं लागतें, तें कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मुलें दोन तऱ्हेचीं होतात. कांहीं आईबापांबरोबर फडावर जातात, तेथें धाकट्या भावंडाला संभाळतात आणि वाढें बांधतात. कांहीं आजी-आजोबांजवळ मागें राहतात. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिचा पैसा वेळेवर आला तर दोन वेळचें जेवण होतें. पण संध्याकाळीं त्या मुलांजवळ बसणारें कोणी नसतें. आजीला अक्षर येत नाहीं, आणि मास्तर, म्हणजे आम्ही, पांचच्या सुमारास मोटारसायकलीला किक मारलेली असते. मार्चमध्यें जीं मुलें फडावरून परत येतात त्यांना सहामाहीनंतरचें कांहींच येत नसतें, आणि पुढच्या वर्षीं तींच मुलें सातवींत बसतात, आठवींत बसतात, आणि मग एके वर्षीं मुलगी चौदाची झाली म्हणून तिचा कोयता लावून देतात. लग्न म्हणत नाहींत, कोयता लावला म्हणतात. असे कोयते लागतांना आम्हीं हजेरीपटावरून नांव कमी केलेलें आहे. कारणाच्या रकान्यांत 'स्थलांतर' लिहिलेलें आहे.

तर अध्यक्षबाई, आमचें मागणें एवढेंच कीं, तुमच्या वीस आठवड्यांतले निदान सहा आठवडे दसऱ्यानंतर आमच्याकडे द्या. शहरांतल्या शाळांना छात्राध्यापकांची टंचाई नाहीं. तेथें एका वर्गावर तिघे उभे असतात असें ऐकतों. आमच्याकडे आठ जण पाठवा, पण मुक्कामाला पाठवा. दिवसां पाठ घ्यावे, टांचणाप्रमाणें घ्यावे, आमची हरकत नाहीं. संध्याकाळीं वसतिगृहांत बसावें. कोणाला गाणें येत असेल तर गाणें, कोणाला सुईदोरा येत असेल तर तो. जीं मुलें फडावर जाणार त्यांना जाण्याआधींचे पंधरा दिवस वेगळें बसवून, बरोबर न्यायला अभ्यासाची वही करून द्यावी. ज्या मुलींचीं नांवें पुढच्या दसऱ्याला कमी होतील असें आम्हांला आजच दिसतें, त्यांच्या घरीं तुमच्यांतल्या मुलींनीं जावें. आम्ही गेलों तर बाप ओसरीवर पाणी देतो आणि विषय बदलतो. चुलीपर्यंत तुम्हांलाच जातां येईल.

हें केल्यानें तुमचे गुण वाढतील कीं कमी होतील तें आम्हांस सांगतां येत नाहीं. तें या प्राध्यापक मंडळींच्या हातीं आहे, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर बोलत आहों.

आमच्याकडूनहि कांहीं देणें आहे. ते सहा आठवडे आम्ही गांवांतच राहूं. शाळेमागची खोली गळते, तिच्यावर पत्रे टाकण्याचें काम या पावसाळ्यांत लोकवर्गणींतून करीत आहों. वर्गणींत आमचा पहिला पगार घातला आहे. आणि हजेरीपत्रकावर सही रोजच्या रोज होईल, गैरहजर राहिलेल्या दिवसाची होणार नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

तालुक्याहून सकाळीं एक आणि दुपारीं एक अशा दोनच एस. टी. येतात. दुपारची बऱ्याचदां येत नाहीं, तेव्हां सकाळचीच धरावी. मुलींची राहण्याची सोय शाळेच्या खोलींत, शेजारीं अंगणवाडीच्या बाई राहतात, मुलांची समाजमंदिरांत. जेवण वसतिगृहांतच होईल, भाकरी थापायला कोणाला येत असेल तर बरें. अंथरूण-पांघरूण आणि एक विजेरी ज्यानें त्यानें बरोबर आणावी. किती जण येणार त्यांचीं नांवें घटस्थापनेच्या आधीं कळवावीं, म्हणजे धान्याची व्यवस्था करतां येईल.